पाठीवरचे चट्टे

भेंडी तोडली की हात खाजतात. देठांची बारीक लव कातडीत रुतते आणि तासाभरात बोटांपासून मनगटापर्यंत आग होते. कुणी हाताला तेल चोपडतं, कुणी जुने पायमोजे हातात चढवून तोडणीला जातं. गोजराबाईनं पंचवीस वर्षं भेंडी तोडली आणि पंचवीस वर्षं तिचे हात खाजले. मग एका उन्हाळ्यात तिच्या ध्यानात आलं, की आपला उजवा हात खाजतो, डावा नाही. म्हणजे डावाही सगळा नाही. करंगळी, तिच्याजवळचं बोट आणि तळहाताची तेवढी कड शांत होती.

तिला बरंच वाटलं. काम करून करून कातडी निबर झाली असेल, असं तिनं धरलं. नवरा नथ्थू ठिबकच्या नळ्या धूत बसला होता, त्याला ती म्हणाली, "डावा हात सुधरला माह्या. खाजत नाही आता."

"चांगलं हाय ना मंग," तो म्हणाला.

रिसोडच्या बाहेर त्यांची दोन एकर बागायती होती. वांगी, भेंडी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. मुलगा गोपाल भल्या सकाळी माल हर्रासीत, भाजीच्या लिलावात, नेऊन टाकायचा, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी उरलेल्या जुड्या घेऊन गोजराबाई स्वतः बसायची. सून तनुजा घर सांभाळून निंदणाला यायची. तिची मुलगी संस्कृती तीन वर्षांची. घरात भांडण नव्हतं, फार बोलणंही नव्हतं. सकाळी कोणता वाफा खुडायचा, संध्याकाळी काय शिजवायचं, एवढं बोललं की दिवस संपायचा.

दोन वर्षं अशीच गेली. त्या हिवाळ्यात एका दुपारी गोजराबाई चुलीवर वरणाचं पातेलं हलवत होती. उजव्या हातात पळी होती आणि डावा हात आधाराला काठावर टेकला होता. तनुजा दारातून आत आली आणि थबकली.

"आत्याबाई, काय जयून राह्यलं?"

"काई नाही. वरण हाय."

"वास येते ना पण. अवं आत्याबाई, हात! हात काढा!"

गोजराबाईनं हात उचलून पाहिला. करंगळीच्या खालची कातडी पांढरी होऊन सुटली होती. तनुजानं तो पाण्याच्या बादलीत बुडवला, स्वतःच रडायला लागली, आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "दुखते काय? दुखते काय?" गोजराबाई हाताकडे पाहत होती. दुकानात मांडलेली दुसऱ्याची वस्तू पाहावी तशी.

"नाही," ती म्हणाली.

तनुजानं ते मनात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातली आशा सेविका रीता लेकरांच्या वजनाच्या नोंदी घ्यायला आली तेव्हा तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रीतानं पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर गोजराबाईच्या समोर मांडी घालून बसली.

"काकू, डोये मिटा. मी पेन टेकवीन. जिथं लागलं तिथं बोट ठेवा."

गोजराबाईनं डोळे मिटले. मनगटावर टेकलं, तिनं बोट ठेवलं. अंगठ्यावर, पुन्हा ठेवलं. तळहाताच्या मधोमध, तेही बरोबर. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर कोंबड्या कचरा उकरत होत्या.

"कर ना व सुरू," गोजराबाई म्हणाली.

"काकू," रीताचा आवाज खाली आला होता, "कधीचीच करून राह्यली मी."

मग रीतानं तिला आतल्या खोलीत नेलं आणि पाठ दाखवायला सांगितली. गोजराबाईला कळेना, दुखणं हाताचं आणि पाठ कशाला. तरी तिनं चोळी सैल केली. रीता मागं उभी राहिली. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि पुढं धरला. पाठीवर फिकट, कोरडे चट्टे होते. काही रुपयाएवढे, एक तळहाताएवढा. गोजराबाईनं मोजले. सात. आपली पाठ अशी दिसते हे तिला माहीत नव्हतं. पाठ अशी कधी पाहिलीच नव्हती तिनं.

"किती दिवसाचे हायत हे?" रीतानं विचारलं.

"मले काय माईत. आज पाह्यले मी."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी होत्या. वयानं गोपालएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी चट्ट्यांवर कापूस फिरवला, डाव्या दंडावर आणखी एक फिकट चट्टा दाखवला, मग त्याच कोपराच्या मागं बोटं घालून काहीतरी चाचपलं. तिथली नस त्यांनी गोजराबाईलाच उजव्या हाताच्या बोटांनी चाचपायला लावली. सुतळीसारखी जाड लागत होती. दुसऱ्या कोपरात तशी नव्हती.

"कुष्ठरोग आहे," डॉक्टर म्हणाल्या.

नथ्थू खुर्चीतून अर्धा उठला. "म्हंजे, महारोग म्हन्तेत तो?"

"तोच. पण तो शब्द सोडा आता. पूर्ण बरा होतो. बारा महिने गोळ्या, फुकट मिळतात. एकदा सुरू केल्या की थोड्याच दिवसांत यांच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. एका ताटात जेवलात तरी चालेल." त्या कागदावर लिहीत होत्या, लिहिता लिहिता थांबल्या. "हे चट्टे दोन-तीन वर्षांचे तरी असतील. घरात कुणालाच दिसले नाहीत?"

प्रश्न नथ्थूला होता. तो पायातल्या चपलेकडे पाहत राहिला.

"पाठ कोन पाह्यते, मॅडम," तो म्हणाला.

पहिली गोळी तिथंच, रीताच्या समोर घ्यायची होती. गोजराबाईनं ती घेतली. घरी येताना तिला वाटत होतं, आता रडू येईल. जीपमध्ये आलं नाही. घरी पोचल्यावर येईल असं वाटलं. घरी पोचली तेव्हा पालकाला पाणी सुटलं होतं, ते वळवायचं होतं. ते वळवलं. संध्याकाळी भाकरी थापली. रडू काही आलं नाही, आणि नंतर तिनं त्याची वाट पाहणंही सोडून दिलं.

घरातल्या सगळ्यांना खबरदारी म्हणून एकेक डोस देऊन गेली रीता, वयानं आणि वजनानं मोजून. संस्कृतीलाही दिला. तनुजानं पोरीला तो पाजला, तिचं तोंड पुसलं, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरली.

"आठ दिवस केनवडले जाऊन येतो, आत्याबाई. मायची तब्येत बरी नाही."

"जाय," गोजराबाई म्हणाली.

आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. गोपाल रविवारी तिच्या माहेरी केनवडला जायचा आणि एकटाच परत यायचा. विचारलं तर म्हणायचा, "येते ते. येईन." गोजराबाईचं विचारणं कमी झालं. पोरीचं झबलं दोरीवर राहिलं होतं, ते तिनं घडी करून ठेवलं. वाईट वाटतं का, हे तिनं एकदा आत तपासूनही पाहिलं, चुलीत विस्तव आहे का ते राख सारून पाहावं तसं. काही हाताला लागलं नाही.

गोळ्या चालू होत्या. लघवी लाल व्हायची, ते रीतानं आधीच सांगितलं होतं म्हणून भीती वाटली नाही. कातडी मात्र काळसर पडायला लागली. बाजारात शेजारी बसणारी बाई म्हणाली, "अवं गोजरे, इतकी कायी काहून पडली व?"

"ऊन," गोजराबाई म्हणाली आणि मेथीवर पाणी शिंपडलं.

चौथ्या महिन्यात एका पहाटे तिला जाग आली ती ठणक्यानं. डाव्या कोपरात सुरी घालून फिरवावी तसं होत होतं. उठून पाहिलं तर दंडावरचा चट्टा, इतके दिवस फिकट असलेला, लाल होऊन वर आला होता आणि तव्यासारखा तापला होता. अंगात कणकण. पाठीवरही ठिकठिकाणी जळत होतं. दोन वर्षांत त्या जागांनी काही कळवलं नव्हतं, आणि आता सगळ्या एकदम बोलायला लागल्या होत्या.

नथ्थू घाबरला. त्याला घाबरलेलं तिनं फार कमी वेळा पाहिलं होतं.

"त्या गोयाच बाधल्या तुले. आधी काई दुखत तरी होतं काय? बंद कर त्या."

"बारा मयने घ्याच्या हायत."

"दुखून राह्यलं ना तुले! बंद कर म्हन्तो ना मी."

तिनं बंद केल्या. नऊ दिवस घेतल्या नाहीत. ठणका कमी झाला नाही, वाढलाच. दहाव्या दिवशी बाजारात गिऱ्हाइकाला जुडी देताना ती हातातून सुटून खाली पडली. दुसरी उचलली, तीही पडली. करंगळी आणि जवळचं बोट आत वळून बसली होती, सरळ होत नव्हती. गिऱ्हाईक वाट पाहून पुढं गेलं. गोजराबाईनं जुड्या गोळा केल्या, पोतं झटकलं आणि बाजार उठायच्या आधीच घरी आली.

त्याच दुपारी महिन्याच्या डोसाला रीता आली तेव्हा गोळ्यांच्या पाकिटात नऊ घरं न फोडलेली तशीच होती. तिनं पाकीट पाहिलं, मग हात पाहिला.

"कोनं सांगतलं बंद करा म्हनून?"

नथ्थू दाराशी उभा होता.

"मी सांगतलं," तो म्हणाला.

रीता भांडली नाही. "चला," म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. एकेक दिवस मोलाचा हाय इथं."

डॉक्टर प्रियदर्शनींनी बोटं सरळ करायला लावली, बोटांमध्ये कागद धरायला दिला. कागद सहज ओढून निघाला. त्यांनी कोपराला हात लावताच गोजराबाईनं अंग चोरलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काकू, काटा रुतल्यावर काय होतं?"

"ठनकते. सुजते."

"आणखी?"

"लाल होते. गरम लागते. मंग पू होते न् काटा वर येते."

"हे सगळं कोण करतं? काटा?"

गोजराबाईनं विचार केला. "काटाच करत असंन."

"काटा नुसता पडून असतो. हे तुमचं अंग करतं. आत परकं काही शिरलं की रक्तातल्या पेशी तिथं धावतात. रक्त जास्त येतं म्हणून लाल आणि गरम, पाणी साचतं म्हणून सूज, सुजेचा दाब म्हणून ठणका. तापही त्यातलाच. तो रोग नाही, रोगाला अंगानं दिलेला जबाब आहे."

"मंग या रोगानं इतके दिवस कायले नाही ठनकलं?"

"हे जंतू फार सावकाश वाढतात, वर्षंच्या वर्षं. कातडीत आणि नसेत गुपचूप राहतात, आणि तुमच्यासारख्या माणसाच्या अंगाला त्यांची ओळखच नीट पटत नाही. आता गोळ्यांनी ते मेले, त्यांचे तुकडे झाले, आणि अंगाला कळलं की आत कुणीतरी आहे. आता ते लढतं आहे. पण लढाई नसेच्या आत आहे. नसेवर घट्ट वेष्टण असतं, तिला फुगायला जागा नसते. सूज आली की नसच चेपते. म्हणून बोटं वळली."

गोजराबाईनं वळलेली बोटं उजव्या हातात धरली.

"म्हंजे आपलंच अंग आपल्याले मारून राह्यलं."

"वाचवायलाच आलं आहे. जागा अडचणीची आहे, म्हणून नुकसान होतं. त्याला जरा थंड करायचं. त्याच्या गोळ्या वेगळ्या देते, रोज खाऊन मग घ्यायच्या, आणि मी सांगेन तशा कमी करायच्या. जुन्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. त्या बंद केल्यानं ठणका थांबत नाही, जंतू तेवढे वाचतात." मग त्या नथ्थूकडे वळल्या. "आणि तुम्ही. यांना स्वतःची पाठ दिसत नाही. दर आठवड्याला उजेडात पाहायची. नवा चट्टा, लाली, सूज, हातापायाला भाजलं-कापलं काही. यांना दुखणार नाही, म्हणून तुम्हाला दिसलं पाहिजे."

नथ्थूनं मान हलवली. गोजराबाईला कुणाचा तरी राग यावा असं वाटलं, म्हणजे यायला हवा होता असं वाटलं. रोगाचा, नवऱ्याचा, आपल्याच अंगाचा. एकावर ठरेना, मग कुणाचाच आला नाही.

त्या रविवारी सकाळी नथ्थूनं ओट्यावर पाट ठेवला. गोजराबाईनं दाराकडं पाठ केली. गोपाल शेतात गेला होता. नथ्थूला पहिल्यांदा काय करावं सुचेना. तो खोकला, हात धोतराला पुसले. मग त्यानं रीतानं दिलेला कापूस वळून घेतला आणि खांद्याखाली टेकवला.

"इथं?"

"हाव."

"इथं?"

ती थांबली. "टेकवलं काय?"

"टेकवलं."

"नाही मंग."

"न् इथं?"

"हाव."

असं करत तो खालपर्यंत आला. तीस वर्षांच्या संसारात इतका वेळ तो तिच्या पाठीशी असा कधी बसला नव्हता. शेवटी त्यानं चोळीचा बंद स्वतःच नीट केला, आणि तिथंच बसून राहिला.

"म्या पाह्यला असता तर," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याच्याच्यानं झालं नाही.

"पालकाले पानी द्याचं हाय," गोजराबाई म्हणाली आणि उठली.

तो दर रविवारी पाहू लागला. ठणका दोन आठवड्यांत उतरला. नव्या गोळ्यांनी भूक वाढली, तोंड जरा सुजल्यासारखं झालं. रीतानं हात पाण्यात भिजवून तेल लावायला, बोटं दुसऱ्या हातानं सरळ करायला शिकवलं. रात्री कोपराला पट्टी बांधायची. महिन्या-दीड महिन्यानं करंगळीजवळचं बोट स्वतःहून उघडायला लागलं. करंगळी उघडली नाही.

तनुजा आली ती पाचव्या महिन्यात, कुणी आणायला गेलं नसताना. केनवडहून सकाळच्या जीपनं एकटीच पोरीला घेऊन आली, पिशवी आत ठेवली, पदर खोचला आणि चुलीपुढं बसली. भाकरीचं पीठ मळताना खाली मान घालून म्हणाली, "मायची तब्येत बरी होती, आत्याबाई. मी खोटं बोलली. मी भेली होती. पोरीले काई होईन म्हनून."

"माईत हाय मले."

"तुमाले राग नाही आला?"

गोजराबाईनं खरंच विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं तिला. "नाही आला," ती म्हणाली. "तूच तं सांगतलं होतं ना रीताले. नाहीतर अजून काईच कळलं नसतं."

तनुजानं डोळे पुसले. तिला बहुधा रागच हवा होता. राग आला असता तर तिला माफी मागता आली असती. गोजराबाईला ते कळत होतं, पण नसलेलं कुठून काढून द्यायचं. तिनं पिठात थोडं पाणी टाकलं. "घट्ट झालं," म्हणाली. संस्कृती दारात उभी राहून आजीच्या काळ्या पडलेल्या तोंडाकडं पाहत होती. संध्याकाळपर्यंत ती जवळ आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशी येऊन मांडीवर बसली.

बारावं पाकीट संपलं तेव्हा पुन्हा हिवाळा आला होता. डॉक्टर प्रियदर्शनींनी पाठ पाहिली, नस चाचपली, कागदावर लिहिलं आणि तो कागद गोजराबाईच्या हातात दिला.

"बऱ्या झालात काकू. रोग संपला."

गोजराबाईनं डावा हात पुढं केला. "मंग हे काहून वापस येत नाही?"

"रोग गेला. पण तेवढी नस त्यात गेली, ती आता यायची नाही. करंगळी सरळ करायची शस्त्रक्रिया असते, हवी असेल तर मी चिठ्ठी देते. बधिर जागेला मात्र जन्मभर जपायचं. पातेलं कापडानं धरायचं, वांगी तोडताना हातमोजा."

"न् मॅडम," नथ्थू मागून म्हणाला, "रविवारी पाह्याचं बंद करू काय आता?"

"नका करू. पुढची काही वर्षं पाहत राहा. अंग कधी कधी उशिरानंही जागं होतं."

तो बरं म्हणाला. त्याला ते बरं वाटलं की काय, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. कातडीचा रंग हळूहळू पूर्ववत होईल, असं रीतानं सांगितलं होतं, ते गोजराबाईला आठवलं. आपण बरे झालो, हे तिनं मनात दोनदा म्हणून पाहिलं. शब्द होते तसेच राहिले. शेजारच्या माणसाच्या पिशवीतून पेरूंचा वास येत होता.

फाट्यावर जीप थांबली. नथ्थू आधी उतरला, पिशवी खांद्याला लावली आणि तिला उतरवायला हात पुढं केला. तिनं डावा दिला. त्यानं तो नेमका कडेला धरला, करंगळीच्या बाजूनं. तिला तो धरलेला कळला नाही, नुसता दिसला. ती पाहत राहिली. मग खाली उतरली, पदर सारखा केला, आणि त्याला विचारलं, "गोपालनं वांगे नेले असतीन काय हर्रासीत?"

"नेले असतीन," तो म्हणाला, आणि दोघं बांधानं घराकडं चालायला लागले.